उरलेल्या दिवसाची देवळं

कुठल्याही परदेशी ट्रिपच्या एक्सेल शीटमधला शेवटचा दिवस बघा. (हो, आम्ही ट्रिपचं शीट करतो. त्यात टॅब असतात, खर्चाचे फॉर्म्युले असतात. आयटीवाले आहोत, चालायचंच.) पहिल्या दिवशी समुद्र, दुसऱ्या दिवशी बेटं, तिसऱ्या दिवशी झिपलाइन, चौथ्या दिवशी रात्रभर हिंडणं. आणि शेवटच्या दिवशी? चेक-आउट सकाळी अकराला, विमान रात्री. मधले दहा तास करायचं काय? मग कुणीतरी त्या रकान्यात टाइप करतं, ‘टेम्पल्स + मार्केट’. सगळे अंगठा दाखवतात. विषय संपला.

आजचा लेख त्या एका रकान्याविरुद्ध आहे.

आधीच सांगून ठेवतो. हा ‘परदेशात कशाला मरायला जाता, आधी आपला महाराष्ट्र बघा’ छापाचा लेख नाही. तसले फॉरवर्ड मला एका काकांकडून रोज सकाळी येतात, गुलाबाच्या फोटोसकट. मी परदेशात जातो, पुढेही जाणार. देवळात जाऊ नका, बाजारात जाऊ नका, असंही मी म्हणत नाही. माझं भांडण वेगळं आहे. देऊळ आणि बाजार या उरलेल्या वेळात उरकायच्या जागा नाहीत. आणि त्या उरकताना आपण जसे वागतो, तसं आपल्या गावच्या देवळात कुणी वागलं तर आपल्याला खपणार नाही.

हे मला पुस्तक वाचून कळलेलं नाही. माझ्या बापाला भर उन्हात त्याच्याच गावच्या देवळासमोर ‘काका, जरा बाजूला व्हा’ असं ऐकावं लागलं, तेव्हा कळलं. आणि त्याच्या आठच दिवस आधी ते वाक्य मी दुसऱ्या कुणाला तरी ऐकवून आलो होतो.

तर मंडळी, सुरुवातीपासून सांगतो.

मे २०२४. आमच्या टीममधले पाच जण बँकॉकला गेलो होतो. २०२३ च्या नोव्हेंबरपासून थायलंडनं भारतीयांना व्हिसाची अट काढून टाकली होती, त्यामुळे त्या सीझनला पुण्यातली निम्मी आयटी जनता तिकडेच होती म्हणा ना. हॉटेलच्या ब्रेकफास्टला मागच्या टेबलावरून ‘अरे पोहे नाहीत का?’ असं ऐकू आलं की आपण हिंजवडीत आहोत की बँकॉकमध्ये, हेच कळायचं नाही :-)

शेवटचा दिवस रविवार. शीटमध्ये लिहिलेलं होतं: राजवाडा, वाट फो, वाट अरुण, चतुचक बाजार, एअरपोर्ट. थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे विहार किंवा देऊळ. त्यावर ‘आज देवळांची वाट लावू’ असा विनोद आमच्यातल्या एकानं केला आणि आम्ही हसलो. आता आठवलं की हसू येत नाही, कारण तो विनोद नव्हता, दिवसाचं वेळापत्रक होतं.

राजवाडा पहिल्याच झटक्यात गळाला, कारण तिथं हाफ पँट चालत नाही. बॅगा पॅक झालेल्या, आता फुल पँट कोण काढणार? राजवाड्याच्या आवारात पाचूबुद्धाचं देऊळ आहे. त्या मूर्तीची वस्त्रं वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की बदलतात, आणि ती बदलायला खुद्द थायलंडचा राजा येतो. हे मी परत आल्यावर वाचलं. जाताना पँट काढायचा कंटाळा केला, हे कारण आता स्वतःलाच सांगायला लाज वाटते.

मग वाट फो. आत ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे, सोन्याचा मुलामा दिलेला. त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत. भिंतीच्या कडेनं ब्राँझची १०८ भांडी ओळीनं मांडलेली आहेत. लोक थोडे पैसे देऊन सुटी नाणी घेतात आणि एकेका भांड्यात एकेक टाकत जातात. त्याचा किणकिण आवाज त्या दालनात सतत चालू असतो. आमच्यातल्या एकानं त्याचा व्हिडिओ करायचा म्हणून नाणी अशी भराभर टाकली, जणू कीबोर्डवर टायपिंग टेस्ट चालू आहे. पुढं एक म्हातारे गृहस्थ चालले होते. एक नाणं, मग एक क्षण थांबणं, मग पुढचं नाणं. आम्ही त्यांना ओव्हरटेक केलं.

बुद्धाच्या चेहऱ्यासमोर चांगली फ्रेम मिळत होती. तिथं तेच आजोबा नंतर हात जोडून उभे राहिले. मी वाट पाहिली. खोटं कशाला बोलू, दहाएक सेकंद पाहिली. मग हातानं खूण केली, थोडं बाजूला. ते हसले आणि बाजूला झाले. थाई माणूस हसतो, आणि आपण त्या हसण्याचा अर्थ ‘काही हरकत नाही’ असा लावून मोकळे होतो. फोटो फारच छान आला. सांगायला हरकत नाही, १४३ लाइक मिळाले.

तिथून होडीनं नदी ओलांडून वाट अरुण. अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावरचं हे देऊळ, त्याच्या उंच मनोऱ्यावर चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांची फुलं जडवलेली आहेत. वरच्या पायऱ्यांना साखळी लावून वाट बंद केलेली होती. मी साखळीच्या पलीकडे एक पाय टाकला, फोटोपुरता. झाडणारी एक बाई काहीतरी म्हणाली, हळू आवाजात. मी ‘सॉरी सॉरी’ म्हणालो. आणि उतरण्याआधी आणखी एक फोटो काढून घेतला.

दुपारी चतुचक. शनिवार-रविवारी भरणारा हा बाजार म्हणजे हजारो गाळे, चालून पाय तुटतात. तिथं हत्तीच्या चित्रांची एक पँट मी २५० बाथवरून १२० ला आणली. पद्धत आपली नेहमीचीच. किंमत ऐकून हसायचं, पाठ फिरवायची, चार पावलं चालायची, ती हाक मारते, परत यायचं. मित्रांनी टाळ्या दिल्या. वाचवले किती? १३० बाथ, म्हणजे तेव्हाचे साधारण तीनशे रुपये. पुण्यात मी एवढ्यात एक कॉफी आणि एक सँडविच घेतो, तेही किंमत न बघता. आणि ती पँट? आजतागायत घातलेली नाही.

त्याच बाजारात, नारळपाणी पीत उभा असताना आण्णांचा फोन आला. आण्णा म्हणजे माझे वडील.

“कुठायस?”

“बँकॉकला आण्णा, सांगितलं होतं ना. आज रात्री निघतोय.”

“बरं. आरं, पाणी पार हाटलंय. आख्खं देऊळ उघडं पडलंय. मी जाऊन आलो.”

“अरे वा! फोटो पाठवा की.”

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, “फोटो काय काढायचा. पोरं शिखरावर चढल्यात. पायात चपला घालून.”

मी ‘हो का, अरेरे’ असं काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. मग सवयीनं गॅलरी उघडली. पहिलाच फोटो वाट अरुणचा. साखळीपलीकडचा माझा पाय. पायात बूट.

आता हे देऊळ कुठलं, ते सांगायला हवं.

मी वाढलो बारामतीत, शिकलोही तिथंच, पण आमचं मूळ गाव पळसदेव. पुणे-सोलापूर रस्त्यानं जाताना भिगवण मागं टाकलं की इंदापूरच्या अलीकडं लागतं ते. मात्र तुम्हाला हायवेवरून दिसतं ते नवं पळसदेव. जुनं पळसदेव भीमेच्या काठी होतं. खाली माढा तालुक्यात उजनीला धरण बांधलं, १९८० मध्ये ते पूर्ण झालं, आणि भीमाकाठची कितीतरी गावं फुगवट्याखाली गेली. आमचं घर गेलं तेव्हा आण्णा तेरा-चौदा वर्षांचे होते. देव नव्या गावात आले, जुनं देऊळ तिथंच राहिलं. पळसनाथाचं, म्हणजे महादेवाचं. दगडी खांब, वर उंच शिखर. धरण भरलेलं असताना त्या शिखराचा शेंडा तेवढा पाण्यावर दिसतो. अख्खं देऊळ दिसायचं तर धरण आटावं लागतं.

आता इथं जरा आकडे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. त्याच्या वरचं पाणी ते वापराचं. पाणी त्या रेषेच्या खाली गेलं की पेपरात ‘उजनी उणे’ अशी बातमी येते. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली उतरली. म्हणजे फोटोग्राफर मंडळींना जो ‘दुर्मिळ योग’ वाटत होता, तो आमच्या भागातला दुष्काळ होता. काठावरचे ऊसवाले शेतकरी मागं हटणाऱ्या पाण्याच्या पाठोपाठ मोटारी ओढत चालले होते, दर काही दिवसांनी पाइप वाढव, केबल वाढव. मासेमारांच्या होड्या चिखलात बसलेल्या. हे सगळं त्याच फ्रेममध्ये होतं, फक्त क्रॉप केलेलं.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी मी आण्णांना घेऊन गेलो. त्याच आठवड्यात, २१ मेला, इंदापूर तालुक्यातल्या कळाशीजवळ उजनीच्या पाण्यात बोट उलटून सहा जण गेले होते. गाडीत बसल्यापासून आण्णा त्याच्याबद्दलच बोलत होते. मला वाटलं होतं, देवळाकडं आज कुणी नसेल. गाड्या लावायला जागा नव्हती.

पाणी हटलेल्या भागात गाळ वाळून भेगाळला होता, त्यावरून चालत जायचं. देऊळ अजून बरंच लांब असताना आण्णा थांबले आणि त्यांनी चपला काढल्या. ऊन असं की जमिनीवर हात ठेववत नव्हता. मी म्हटलं, “आण्णा, देऊळ अजून लांब आहे.” ते म्हणाले, “इथं वेस होती.”

मला तिथं चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं. त्यांना वेस दिसत होती, वाण्याचं दुकान दिसत होतं, जत्रेला शेवरेवड्यांची पालं कुठं लागायची ते दिसत होतं. मीही बूट काढले. भक्तीनं नव्हे, लाजेनं.

देवळाजवळ गेल्यावर ते एका खांबाला हात लावून उभे राहिले. काही बोलत नव्हते. समोर एक जोडपं, मॅचिंग कपडे, आणि त्यांचा फोटोग्राफर. वर ड्रोन घोंगावत होता. फोटोग्राफर अगदी सभ्यपणे म्हणाला, “काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.”

आण्णा हसले आणि बाजूला झाले.

ते हसू मी आधी पाहिलेलं होतं. वाट फोमध्ये, आठवड्यापूर्वी.

मला त्या फोटोग्राफरशी भांडायचं होतं. ‘ज्याला बाजूला करतोयस, त्याचं गाव आहे हे’, असं सुनवायचं होतं. पण तोंड उघडेना. तो जे बोलला त्यातला एक शब्दही माझ्यापेक्षा उद्धट नव्हता. उलट त्यानं ‘काका’ तरी म्हटलं, मी नुसती खूण केली होती.

इथून पुढं जे लिहितोय ते त्या दिवसापासून डोक्यात घोळतंय. देऊळ आणि बाजार यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. दोन्ही परत यायच्या जागा आहेत. समुद्र बघून आलात, झिपलाइन केलीत, संपलं. त्या समुद्राला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. देवळाचं तसं नसतं. माणूस नवस बोलतो तो फेडायला परत यायच्या बोलीवर. बँकॉकमध्येच एरावान नावाचं चार तोंडांच्या ब्रह्मदेवाचं छोटं ठाणं आहे, एका हॉटेलच्या कोपऱ्यावर, १९५६ मध्ये बसवलेलं. ऑफिसला जाता-येता लोक तिथं थांबतात, मागणं मागतात. मागितलेलं मिळालं की परत येतात आणि तिथल्या नर्तकींना पैसे देऊन देवापुढं नाच करवतात. अगदी आपल्याकडच्या नवसासारखंच, फक्त ढोलकी वेगळी. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तिथं बॉम्बस्फोट झाला, वीस माणसं मेली. दोनच दिवसांत ठाणं पुन्हा उघडलं आणि लोक परत आले. आम्ही ते ठाणं स्कायट्रेनमधून पाहिलं. म्हणजे ‘ते बघ एरावान’ म्हणेपर्यंत मागं गेलं.

आमच्या इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला, नीरा आणि भीमेच्या संगमावर नीरा नरसिंहपूर आहे. कितीतरी मराठी घरांचं कुलदैवत. लग्न झालं की लोक तिथं जातात, मूल झालं की जातात, आणि ते मूल मोठं होऊन पुन्हा आपलं मूल घेऊन जातं. तिथं ‘बघायला’ म्हणून जाणारा माणूस विरळा. आणि वारीचं तर नावातच आलं. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पंढरपूरला जाते. पुन्हा पुन्हा जाणं म्हणजेच वारी. वारकऱ्याच्याही प्रवासाच्या शेवटी देऊळ आणि बाजारच असतो बरं का. दर्शनाची रांग आवाक्याबाहेर असली तर तो कळसाला हात जोडतो, चुरमुरे-बुक्का घेतो आणि घरी निघतो. पण आधी तो दोन-अडीच आठवडे चालत आलेला असतो, आणि पुढच्या वर्षी परत येणार असतो. आमचा शेवटचा दिवस आणि त्याचा शेवटचा दिवस, शीटमध्ये टाकले तर सारखेच दिसतील. पण सारखे नाहीत.

बाजाराचंही तेच. माझी आत्या इंदापूरच्या आठवडे बाजारात भाजी विकते. घासाघीस तिला वर्ज्य नाही, स्वतः कापड घ्यायला गेली की दुकानदाराला घाम फोडते. पण ती म्हणते गिऱ्हाइकाच्या दोन जाती. एक बाजारचं, दुसरं गाडीवालं. बाजारचं गिऱ्हाईक भांडतं, दोन मिरच्या जास्त उचलतं, पण पुढल्या बाजारला त्याचं तोंड बघायचं असतं, म्हणून दोन्हीकडं एक लगाम असतो. हायवेवरनं वाट वाकडी करून आलेलं गाडीवालं गिऱ्हाईक परत यायचं नसतं. “म्हणून ते कसंबी बोलतंय,” आत्या म्हणाली. मग डोळे मिचकावून पुढं, “आन मग आमीबी त्याला खालचा माल देतो.”

बँकॉकच्या टुकटुकवाल्यांची ती प्रसिद्ध थाप आठवा. ‘राजवाडा आज बंद आहे, चला दुसरीकडं नेतो’ म्हणायचं आणि हिऱ्या-माणकांच्या दुकानात नेऊन सोडायचं. आपण म्हणतो, फसवतात साले. अहो, पण त्याला पक्कं माहीत असतं की हा माणूस उद्या इथं नाही. आपल्यालाही माहीत असतं. शेवटच्या दिवसाचा सगळा व्यवहार या एका माहितीवर चालतो. तो आपल्याला खालचा माल देतो, आपण त्याला खालचं वागणं देतो. फिट्टंफाट.

आता तुमचे आक्षेप. हे मला हापिसातल्या लंच टेबलावर मिळालेलेच आहेत, त्यामुळे उत्तरं तयार आहेत.

‘तिकीट काढलंय ना राव!’ काढलंय. त्या देवळांत थाई लोकांना फुकट प्रवेश असतो, परदेशी माणसाला तिकीट पडतं. आम्ही त्यावरूनही कुरकुर केली होती. पण जरा विचार केला तर त्यातच उत्तर आहे. तो तिथला आहे, तुम्ही पाहुणे आहात, हे तिकीटच सांगतं. तिकिटानं आत यायला मिळतं. हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला बाजूला करायचा हक्क त्या तिकिटावर छापलेला नसतो.

‘ते लोक टुरिझमवरच तर जगतात.’ जगतात, खरं आहे. आपणही अमेरिकन क्लायंटवर जगतो. म्हणून क्लायंट आपल्या घरी आला आणि देवघरातल्या बाळकृष्णाला उचलून, ‘हाऊ क्यूट, कितीला देता?’ म्हणाला तर चालेल? हे उदाहरण उगाच दिलं नाही. बुद्ध शोभेची वस्तू नाही, असे मोठे फलक बँकॉकमध्ये लावलेले आहेत, आणि बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या कलाविभागाचा परवाना लागतो. एका देशाला असे फलक लावावे लागतात, यात पाहुण्यांबद्दल काय ते आलं.

‘एवढा विचार करायचा तर फिरायचंच कशाला? सुट्टी आहे, चिल मार.’ या आक्षेपाचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो मीच वापरायचो. अरे, रविवारी सकाळी दहा वाजता देवळात आलेल्या त्या आजोबांचीही सुट्टीच होती की. त्यांनी ती तिथं घालवायची ठरवली होती. आमच्या सुट्टीसाठी त्यांच्या सुट्टीनं बाजूला व्हायचं, कारण आमच्या हातात कॅमेरा होता आणि संध्याकाळी विमान होतं.

‘तू पण तेच केलंस ना?’ हो. केलं. म्हणून तर लिहितोय. न केलेल्या माणसानं लिहिलं असतं तर तुम्ही गुलाबाच्या फोटोवालं फॉरवर्ड समजून पुढं गेला असता.

आणि एक आक्षेप मात्र खरा आहे. ‘सुट्ट्याच पाच मिळतात. परत यायच्या गोष्टी कशाला करतोस? बँकॉकला परत कोण जाणारे?’ बरोबर. त्याच गावाला दरवर्षी जा, असं सांगायला मी वेडा नाही. यावर मला जे सुचलंय ते अगदीच किरकोळ आहे, आणि ते सुचायलाही पळसदेवच्या उन्हात भाजावं लागलं. देऊळ आणि बाजार पहिल्या दिवशी ठेवा.

हसू नका. करून बघितलंय. गेल्या वर्षी कामासाठी दोन आठवडे सिंगापूरला होतो. उतरलो त्याच संध्याकाळी सेरंगून रोडवरच्या वीरमाकाळीअम्मन मंदिरात गेलो. तमिळ लोकांचं कालीचं देऊळ. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखाच बावळट होतो, कुठून आत जायचं, प्रदक्षिणा कुठली, काही कळेना. एका बाईनं खुणेनं दाखवलं. फोटो काढला नाही, कारण घाई नव्हती, उद्याही येता येणार होतं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आरती मिळाली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बाहेरच्या फुलवाल्यानं मला ओळखलं आणि न मागता जाईच्या चार कळ्या जास्त घातल्या. जवळच्या टेक्का बाजारात केळी घ्यायचो. पहिल्या दिवशी मी भाव केला. चौथ्या दिवशी तो म्हणाला, ही घेऊ नका, ती घ्या, ही उद्यापर्यंत काळी पडतील. आत्याच्या भाषेत सांगायचं तर मी गाडीवाल्याचा बाजारवाला झालो होतो. तो शेवटी गेलो असतो तर हेच देऊळ वीस मिनिटांत, हाच बाजार अर्ध्या तासात उरकला असता, आणि केळी काळी निघाली असती.

दोन-चार दिवसांच्या ट्रिपलाही हे जमतं. पाच देवळांऐवजी एक. पहिल्या सकाळी जा, बसा, लोक काय करतात ते बघा. मग वाटलं तर शेवटच्या दिवशी त्याच देवळात पुन्हा जा, नव्या नव्हे. तेव्हा फोटोही काढा. तुम्हीच बघा, दुसऱ्या खेपेला साखळी ओलांडायला पाय उचलत नाही.

पळसदेवहून निघताना आण्णांनी देवळाकडं तोंड करून हात जोडले आणि म्हणाले, “येतो.” आपल्याकडं ‘जातो’ म्हणत नाहीत, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. पण आण्णा साठीचे आहेत. पुन्हा इतकं पाणी कधी उतरेल याचा भरवसा नाही, आणि उतरू नये हीच त्या भागातल्या प्रत्येकाची इच्छा. ऑगस्टमध्ये धरण भरलंही, आणि देऊळ पुन्हा पाण्यात गेलं. तरी ते ‘येतो’ म्हणाले. बँकॉकमधल्या त्या दिवसात मी दोन देवळं आणि एक बाजार केला, पण कुठूनही निघताना असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. कॅबवाला हॉर्न वाजवत होता.

दिवाळीच्या सुट्टीचं शीट एव्हाना तुमच्यापैकी कितीतरी जणांचं तयार असेल. उघडा. शेवटच्या दिवसाचा तो रकाना शोधा. कट करा आणि पहिल्या दिवशी पेस्ट करा. फॉर्म्युले बिघडत नाहीत, मी तपासलंय.